दुभाषी म्हणते की…

कळंबोलीला बसमधून उतरले तेव्हा उजाडलं होतं, पण शहर अजून आलेलं नव्हतं. समोर धुकं होतं आणि धुक्यात इमारतींचे वरचे मजले तेवढे तरंगत होते. खालच्या मजल्यांचा पत्ता नव्हता. सांगलीहून रात्रभर अर्धवट झोपत आलेल्या माणसाला असलं काही दाखवू नये. मला वाटलं, नवी मुंबई अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे, पक्की प्रत दुपारपर्यंत निघेल.

माझा जन्म मसुद्यांतच चालला आहे. मी एका सरकारी कचेरीत अनुवादक आहे. इंग्रजी कागद मराठीत करायचा, मराठी कागद इंग्रजीत करायचा, आणि दोन्ही कुणी वाचत नाही याची खात्री असल्यामुळे निश्चिंत मनाने घरी जायचं. आमच्या संघटनेची बेलापूरला विचारविनिमय सभा होती. सरकारी अनुवादक आणि दुभाषी यांच्या कामाच्या परिस्थितीबद्दल सदस्यांची मतं घ्यायची आणि मागण्यांचं निवेदन पक्कं करायचं, असा बेत होता. अनुवादक म्हणजे आम्ही, लिहिणारे. दुभाषी म्हणजे बोलणारे. सुनावणीत, इस्पितळात, चौकशीत एकाची भाषा दुसऱ्याला तिथल्या तिथे तोंडी सांगणारे. लिहिणारे बहुतेक कायम नोकरीतले, बोलणारे बहुतेक कंत्राटावरचे किंवा बोलावलं तर येणारे. संघटना एक, पण चहाच्या वेळी दोन घोळके.

उतरायचं होतं खांदेश्वरला, मामेबहीण शैलाकडे. रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगितलं.

"मॅडम, नाव नका बोलू. सेक्टर बोला."

"सेक्टर माहीत नाही. गणपतीच्या देवळाजवळ आहे."

"गनपती सगल्या सेक्टरला हाय," तो शांतपणे म्हणाला. "टेन्शन नाय. तुमच्या मानसाला फोन लावा."

फोन लावला. शैलाने एक आकडा सांगितला, तो मी रिक्षावाल्याला सांगितला आणि त्याच्या चेहऱ्यावर अर्थबोध झाल्याचं समाधान पसरलं. या शहरात माणसं नावाच्या नव्हे, आकड्यांच्या गावी राहतात. रस्ते रुंद, सरळ, आणि त्या वेळी इतके रिकामे की रिक्षा जमिनीवरून चालते आहे की धुक्यावरून, कळत नव्हतं. एका चौकात सिग्नल लाल झाला. आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी आम्ही थांबलो. हिरवा होईपर्यंत मी बहुधा झोपले असेन, कारण मला सगळी सांगली त्या चौकातून रांगेने जाताना दिसली.

शैलाने दार उघडलं ते हातात पोह्यांची बशी घेऊनच. "सभा कसली ग? पगारवाढीची?"

"नाही. कामाच्या परिस्थितीची."

"म्हणजे पंखा, खुर्ची, बाथरूम?"

"तसंच काहीसं."

"मग त्याला बेलापूरपर्यंत कशाला यायचं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाक. पाण्याचा प्रश्न टाकला की दोन तासांत भांडणं मिटतात. म्हणजे, दुसरी सुरू होतात."

आंघोळ करून निघाले तोवर धुकं विरलं होतं आणि इमारतींना तळमजले फुटले होते. बेलापूरला मी महापालिकेच्या बसने गेले. खिडकीतून एका बाजूला खारघरचे डोंगर दिसत राहिले, कोरडे, तपकिरी, दुपारी झोपलेल्या म्हशींच्या पाठींसारखे. दुसऱ्या बाजूला खारफुटी, मग खाडीची एक चमकती पट्टी, मग पुन्हा इमारती. बस पुलावर चढली की पाणी दिसायचं, उतरली की जायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर मला ते पाणी खरं आहे की नाही याची शंका येऊ लागली. शेजारच्या बाईंना विचारलं, "ही खाडी ना?" त्या म्हणाल्या, "हो. भरती असली की खाडी. ओहोटी असली की प्लॉट."

सभा एका पतसंस्थेच्या सभागृहात होती. दारावर फलक होता. भाषांतर करणाऱ्यांच्या सभेच्या फलकावरच्या 'भाषांतर' शब्दातला अनुस्वार गळून पडला होता. येणारा प्रत्येक सदस्य दारात थांबायचा, वर बघायचा, खिशातल्या पेनाकडे हात न्यायचा आणि उसासा सोडून आत जायचा. आमच्या व्यवसायाची ओळख इतकी अचूक क्वचितच पाहायला मिळते.

आत समई होती. वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका समईवर येत होता, त्यामुळे दीपप्रज्वलन तीन वेळा झालं. मग शाली झाल्या. मग अध्यक्ष नलावडे साहेबांचं प्रास्ताविक झालं. नलावडे साहेब उंच, भारदस्त, निवृत्तीला टेकलेले. ते वाक्य सुरू करतात तेव्हा ते कुठे संपणार हे त्यांनाही माहीत नसतं, पण प्रवास मात्र ते आरामात करतात. पहिली मागणी पदनामाची होती. 'अनुवादक' ऐवजी 'भाषा अधिकारी' म्हणावं. तिच्यावर तासभर चर्चा झाली. काहींना 'वरिष्ठ भाषा अधिकारी' हवं होतं. यंत्राचा झोत, साहेबांचा आवाज आणि रात्रीची झोप यांच्या मिश्रणातून मी अशा जागी पोचले होते जिथे सगळेच भाषा अधिकारी होते आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

जागी झाले ती शेजारच्या खुर्चीवरून आलेल्या ज्येष्ठमधाच्या वासाने. तिशी-पस्तिशीची एक बाई थर्मासमधून गरम पाणी पीत होती. माझ्याकडे बघून हसली आणि ज्येष्ठमधाची काडी पुढे केली.

"घ्या. झोप उडते." आवाज कुजबुजीपेक्षा थोडाच वर होता आणि त्याच्या कडा झिजलेल्या होत्या.

"सर्दी झाली का?"

"नाही हो. डॉक्टर म्हणाले, आवाज साठवून ठेवा." तिने थर्मासचं झाकण लावलं. "आता आवाज काय टाकीतलं पानी हाय?"

तिचं नाव हर्षाली बेहेरा. माहेर करावे गावचं, इथून जवळच. मागे ते खाडीकाठचं स्वतंत्र गाव होतं, आता शहराच्या पोटात आहे. नवरा ओडिशाचा. तळोज्याच्या कारखान्यात कामाला आला आणि इथलाच झाला. सासू दोन वर्षं त्यांच्याकडे राहायला होती. तिला मराठी येत नव्हतं आणि गप्प बसताही येत नव्हतं, म्हणून हर्षाली ओडिया शिकली. आता एका सरकारी कार्यालयात कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांच्या नुकसानभरपाईच्या सुनावण्या होतात, तिथे ती ओडियाची दुभाषी आहे. बोलावतील तेव्हा जायचं. कामगार बोलतो ते ती मराठीत सांगते, अधिकारी विचारतात ते ओडियात. दोन-दोन, तीन-तीन तास. मधे वकील पाणी पितात, साहेब फोन घेतात, कामगार गप्प बसतो. ती मात्र कुणाची तरी बाजू बोलतच असते.

"घशात गाठी आल्यात," ती कुजबुजली. "महिनाभर तोंड मिटून बसा म्हणाले, नाहीतर आवाज जाणार. महिना गेले नाही तर माझ्या जागी दुसऱ्याचं नाव लागेल. साहेबांना म्हटलं, मधे थोडं थांबू द्या, नाहीतर जोडीला कुणी द्या. ते म्हणाले, एकटीसाठी नियम कसा करू? तुमच्या संघटनेचं काहीतरी लेखी आणा, मग बघू." तिने हातातल्या मसुद्याचं एक पान दुमडून ठेवलं होतं, ते दाखवलं. "हे कलम. हे निवेदनात राहिलं की झालं."

मग तिने मला तिच्या कामाचा रिवाज सांगितला. मी इतकी वर्षं या खात्यात, पण बोलणाऱ्यांच्या घोळक्यात कधी गेले नव्हते, म्हणून तो मला धड ठाऊक नव्हता. कामगार 'मी' म्हणाला की दुभाषीनेही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतो की त्याचा हात गेला' असं नाही म्हणायचं. 'माझा हात गेला.' आणि दुभाषीला स्वतःला काही विचारायचं असेल, नीट ऐकू आलं नसेल, तर तिने 'मी' म्हणायचं नाही. 'दुभाषी विचारते की', 'दुभाषीला ऐकू आलं नाही', असं म्हणायचं. नाहीतर कागदावर कोण बोललं याचा घोटाळा होतो.

"पहिल्या आठवड्यात घरी जाऊन रडायची मी," ती म्हणाली. "दिवसभर म्हणायचं, माझी बोटं गेली, माझा भाऊ टाकीत पडला. आणि संध्याकाळी त्याच बोटांनी भाकऱ्या थापायच्या. आता सवय झाली. आता 'मी' म्हटलं की आधी वाटतं, कोण?"

ती हसली. मी पण हसले.

जेवणाच्या थोडं आधी तिचं कलम आलं. इथे एक सांगायला हवं. मसुदा मुळात इंग्रजीत झाला होता. भाषांतरकारांच्या संघटनेचा मसुदा इंग्रजीत का, हे विचारू नये. मग वेळ कमी म्हणून तो संगणकाकडून मराठीत करून घेतला होता. त्याच मसुद्यात, संगणकाकडून भाषांतरं करून घेण्याला आमचा तीव्र विरोध आहे, अशी एक मागणीही होती आणि तिचं मराठी अगदी ठीकठाक होतं. दैवाने घात केला तो पुढच्या कलमात.

नलावडे साहेबांनी वाचलं, "दुभाष्यांना दर अर्ध्या तासाने खंड देण्यात यावा."

सभागृह एकदम जागं झालं. मागच्या रांगेतून बीडचे एक गृहस्थ उभे राहिले. कंत्राटी होते, आणि इतका वेळ त्यांनी पदनामाच्या चर्चेत एक शब्द काढला नव्हता. "साहेब! अकरा महिन्याला देतेत तेवढा खंड आम्हाला बास झाला की! आता दर अर्ध्या घंट्याला देता का?"

सरकारी नोकरीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कंत्राटी माणसाची अकरा महिन्यांची मुदत संपली की मधे दोन-चार दिवस तो नोकरीत नाही असं दाखवतात, मग पुन्हा घेतात. त्याला 'खंड' म्हणतात. त्यामुळे सेवा सलग धरली जात नाही आणि माणूस जन्मभर नवाच राहतो. हा शब्द ऐकला की कंत्राटी माणूस आधी कॅलेंडर बघतो. तो दर अर्ध्या तासाने मागायचा म्हणजे न्हाव्याकडे जाऊन मान कापून मागण्यासारखं होतं.

"मूळ शब्द 'ब्रेक' आहे," साहेब म्हणाले.

"मग ब्रेकच लिहा."

"निवेदन मराठीत द्यायचं आहे. आपण कोण आहोत?"

आपण कोण आहोत हे पुढच्या पाऊण तासात सिद्ध झालं. पन्नास-साठ भाषांतरकार एका शब्दाच्या मागे लागले. कुणी 'विश्रांती' म्हणालं, तर साहेब म्हणाले, "झोपायला मागताय असं म्हणतील." 'विराम' सुचला, तो एकाला नाटकातला वाटला. 'मध्यंतर' म्हटल्यावर मागून आवाज आला, "बटाटेवडा पण लिहा." 'अवकाश' सुचवणाऱ्याला अंतराळात पाठवण्यात आलं. शब्द सभागृहात पतंगांसारखे उडत होते, एकमेकांना काटत होते. मला ते इतकं छान वाटत होतं की मी डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा शेजारी हर्षाली ताठ बसली होती. दुमडलेल्या पानावर तिचा अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलेला होता.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "एकमत दिसत नाही. हे कलम तूर्त वगळू या. जेवण थंड होतंय."

हर्षाली उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली. माइक तिच्याकडे नव्हता, पण आवाज कसाबसा पोचला. "दुभाषी म्हणते की हे कलम वगळू नका. दुभाषीच्या घशात गाठी झाल्यात. दुभाषीला तीन-तीन तास मधे थांबू देत नाहीत."

"कोण दुभाषी?" साहेबांनी चष्मा वर केला. "कुठल्या जिल्ह्याच्या?"

"दुभाषी इथलीच."

"मग त्यांनी स्वतः यायला हवं होतं ना, बाई? आपण ऐकीव गोष्टींवर कलमं घालायला लागलो तर…"

काही लोक हसले. दोघांनी दाराकडे वळून पाहिलं, जणू ती दुभाषी वाटेत आहे. हर्षाली बावरली. आपलं काय चुकलं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सुनावणीच्या खोलीत अगदी असंच बोलतात, आणि समोर साहेब, टेबल, माइक, सगळं तर तसंच होतं. तिने पुन्हा तोंड उघडलं, "दुभाषी इथे…" आणि तिथे आवाज संपला. खोकला नाही, घोगरेपणा नाही. ओठ हलत होते आणि त्यांतून फक्त वारा येत होता.



तिने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून माझ्या कानाशी कुजबुजली, "तुम्ही सांगा."

मी लिहिणारी. पदनामाच्या ठरावालासुद्धा मी हात वर केला नव्हता. पण उभी राहिले. ती कानाशी एक वाक्य बोलायची, मी ते मोठ्याने म्हणायची.

"मी हर्षाली बेहेरा," मी म्हणाले. "मी कराव्याची."

"अहो, तुम्ही तर सांगलीच्या ना?" साहेब म्हणाले.

"साहेब, मी आत्ता दुभाषी आहे. बोलतायत त्या ह्या."

नलावडे साहेबांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आणि मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या त्या एका कृतीबद्दल मी त्यांची सगळी लांब वाक्यं माफ केली.

"माझ्या घशात गाठी झाल्यात," मी म्हणाले. "मला महिनाभर गप्प राहायला सांगितलंय. मी राहू शकत नाही."

सांगायला विचित्र वाटेल, पण ते बोलताना माझा घसा खरंच दुखू लागला. 'मी' हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण तो भाड्याने देता येतो हे माहीत नव्हतं. माझ्या तोंडातून कुणीतरी दुसरं ये-जा करत होतं. मी फक्त दार उघडं धरून उभी होते. खिडकीबाहेर उन्हात एक नारळाचं झाड अगदी सावकाश हलत होतं आणि मला ते मी कराव्याला लहानपणापासून पाहिलेलं झाड वाटत होतं. मी तर करावे अजून पाहिलंही नव्हतं.

"मी घरी बोलत नाही," पुढचं वाक्य आलं. हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. "दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीला आवाज पुरावा म्हणून. त्यांची मुलगी झोपताना गोष्ट मागते…"

कोपराला नख टोचलं. मी चुकले होते. लिहिणाऱ्याचा हात शेवटी अंतर ठेवायला जातोच.

"माझी मुलगी झोपताना गोष्ट मागते," मी म्हणाले. "मी तिच्याकडे पाठ करून झोपते."

यानंतर ती माझ्या कानापासून दूर झाली. मग बीडचे गृहस्थ म्हणाले, "बाईंना पाणी द्या कुणीतरी." दोन पेले आले, दोघींना एकेक. ते गृहस्थ उभेच होते. "साहेब, खंड नगं. 'उसंत' लिहा. दर अर्ध्या तासानं उसंत अन् जोडीला दुसरा दुभाषी."

उसंत. शब्द सभागृहात फिरला, आणि एवढ्या भाषांतरकारांत कुणी त्याला हरकत घेतली नाही. असा प्रसंग मी नोकरीत पाहिलेला नाही.

"शासनाला कळेल का?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

"नाही कळला तर आम्ही भाषांतर करून देऊ," बीडकर म्हणाले, आणि कलम मंजूर झालं.

संध्याकाळी हर्षाली मला कराव्याला घेऊन गेली. नको म्हणायची सोय नव्हती. तिने एक शब्द न बोलता माझी पिशवीच उचलली. सीवूड्सच्या काचेच्या इमारतींच्या मधून रिक्षा एका वळणावर आत शिरली आणि रस्ता एकदम अरुंद झाला. घरं एकमेकांना खांदा लावून उभी, ओट्यांवर बायका, एका दारात वाळत घातलेलं जाळं, शेजारच्या दारात उभी लांबलचक गाडी. मधेच एका गल्लीच्या टोकाला खाडी उघडली.

ओहोटी होती. चिखल चांदीच्या पत्र्यासारखा पसरला होता आणि त्याच्या पार पलीकडे गुलाबी रंगाची एक पुसट रेघ होती. ती हलली तेव्हा कळलं, रोहित पक्षी. मान खाली घालून, एकाच दिशेने, कुणालाही घाई नाही. त्यांच्या मागे चाळीस मजली इमारतींच्या खिडक्यांत सूर्य एकेक करून विझत होता. दोन्हींपैकी कोणतं जास्त अशक्य, हे मला ठरवता येईना.

"पयले आमच्या ओट्यावरनं खारी (खाडी) दिसत व्हती," मागून हर्षालीची आई म्हणाली. "आता खारीला आमी दिसत नाय. चला, जेवाला चला, बाय."

"मावशी, मला परत जायचंय, शैला वाट…"

"जेवल्याबिगर जावाचा नाय."

तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि निवट्यांचं कालवण. निवटा हा चिखलात राहणारा, अंगठ्याएवढा, चिखलावर उड्या मारणारा मासा. आईने तो वाढताना त्याची सगळी चरित्रकथा सांगितली, कसा बिळात शिरतो, कसा हाताला गुळगुळीत लागतो. मला कालवणाच्या आंबट तिखट चवीत खाडीचा वास येत होता आणि तो मला आवडत होता. हर्षालीचा नवरा कामावरून आला, ती सगळी इथे आईकडेच राहतात. नमस्कार करून त्याने सासूशी अस्सल कराव्याच्या बोलीत भाजीच्या भावावरून वाद घातला, आणि फोनवर आईशी ओडियात बोलत आत गेला.

"गप बसायला सांगितलाय डाक्टरनी," आई माझ्याकडे वळून म्हणाली. "लहानपनी ही पोर झोपेत पन बोलाची. आता ही गप, आनि घरान मीच एकटी बरबर करतंय."

हर्षालीची मुलगी सात-आठ वर्षांची. ती मला बराच वेळ न्याहाळत होती. जेवताना मी सभेतली गोष्ट सांगितली होती, ती तिने ऐकली असावी. शेवटी जवळ येऊन तिने विचारलं, "आईचा आवाज तुमच्याकडे हाय का?"

"थोडा वेळ होता," मी म्हणाले. "परत दिला."

तिने आईकडे पाहिलं. हर्षालीने मान हलवली, हो, मिळाला. मुलीला ते पटलं. मलाही पटलं, त्या संध्याकाळी काहीही पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले. घाट चढताना मागे वळून पाहिलं तर खाली पुन्हा धुकंच होतं, शहर नव्हतं. मला वाटलं, मी काय बघून आले? एक निवेदन, ज्यावर कुठल्यातरी टेबलावर पाणी सांडेल. एक समई, जी तीनदा लावावी लागली. संघटनांवर आणि ठरावांवर माझा विश्वास कधीच फार नव्हता, तो बेलापूरहून वाढून आला असंही नाही. पण मी सांगलीत टेबलाशी बसून वर्षानुवर्षं 'अर्जदार म्हणतो की', 'सदर इसमाचे म्हणणे असे की' लिहीत आले, आणि त्या 'की'च्या मागे सुरक्षित राहिले. 'की'च्या पलीकडे पाय टाकला तर घसा दुखतो, एवढं तरी आता कळलंय.

पंधरवड्याने हर्षालीचा संदेश आला, टाइप केलेला. निवेदनाची प्रत तिने सुनावणीच्या साहेबांना दिली. महिन्याच्या विश्रांतीचं अजून जमलेलं नाही. दुसरी ओडिया दुभाषी शोधतायत, मिळाली की हर्षाली महिनाभर गप्प बसणार आहे. आज मात्र सुनावणीत अर्धा तास झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मी थांबते." साहेबांनी कामगाराकडे बघून विचारलं, "का? याला बरं नाही का?" ती म्हणाली, "याला नाही, मला." मग त्यांनी दहा मिनिटं दिली. सगळेच बाहेर बाकावर जाऊन बसले.

त्याखाली तिने लिहिलं होतं:

"बाकावर तो कामगार शेजारी बसला. म्हणाला, अपा (ताई), दर वेळी आत गेल्यावर तुम्ही माझंच नाव सांगता. तुमचं काय? सांगितलं."